माणशी एक मूठ

किती लागेल, याचा अंदाज
आमच्याकडे मुठीनं घेतात.
माणशी एक मूठ तांदूळ
आणि वर एक, अवचित येणाऱ्याची.

लॅमिंग्टन रोडला, दुसऱ्या मजल्यावरच्या
दोन हात रुंद दुकानात
मी हे मनाशी घोकत उभी होते,
तेव्हा दामजी गाला म्हणाले,
"बेन, पहिले सांगा, खेळणारे किती?"

खेळणारे.
अँटॉप हिलची सरकारी वसाहत, सेक्टर सात,
इमारत दोनशे बारा. तिथं नऊ पोरं होती.
आता तीन राहतात.
सुहृदचे बाबा गुवाहाटीला गेले,
रेनिताची आई कोचीला,
लालरिनपुईच्या घरचे परत आयझॉलला,
बाकीचे कुठे कुठे.
बदलीचा कागद आला की ट्रक येतो,
नळाची गळती, भिंतीतली खिळ्यांची भोकं
सगळं पुढच्या माणसाच्या नावावर होतं.

पण रोज रात्री साडेनवाला
आमच्या कपाटाखालच्या जुन्या कॉम्प्युटरात
ती नऊच्या नऊ जमतात.
दगड फोडतात, भांडतात, मेंढ्या पाळतात.
त्यांनी तिथं दोनशे बारा बांधलीय,
गच्चीवरच्या टाकीसकट, हुबेहूब.
फक्त तिथली लिफ्ट चालते.

चार जीबीत हे मावत नव्हतं.
सगळी एका अंगणात असली तर निभायचं,
नऊ दिशांना पांगली की डबा धापा टाकायचा,
सुहृदचा पाय हवेत अडकायचा,
रेनिता भिंतीत शिरून तिथंच राहायची.
ऋत्विज म्हणतो, आई, असं आहे,
जो जिथं उभा, त्याच्याभोवतीचं जग
सर्व्हरला हातात धरून बसावं लागतं.
जिथं कुणीच नाही
ते तो गुंडाळून माळ्यावर टाकतो.

"मग बत्तीसच द्या," मी म्हटलं.
बोनस नुकताच झाला होता.
दामजीभाईंनी चष्मा कपाळावर चढवला.
"जास्ती पण चांगली नाय.
जागा मोठी दिली की कचरा साचू देतो,
मग एकदम झाडायला बसतो.
तेवढा वेळ सगळे पुतळे.
आणि हाय ती समदी खेळाला देऊ नका,
मशीनला स्वतःला पण लागते ने."

हे मला कुणी शिकवायला नको होतं.
वीस वर्षं वाढतेय मी,
पातेलं खरवडल्यावर तळाशी काय उरतं
ते वाढणारीलाच माहीत.

सोळा घेतली. आठच्या दोन पट्ट्या.
दहा पोरांना, उरलेली डब्याला.
पावतीवर तीन वर्षांची हमी,
आमच्या क्वार्टरला तेवढी नाही.

ऋत्विजनं अंगठ्यांनी दाबून बसवल्या.
टक्. आणि परत टक्.
मग पंखा फिरला, धूळ उडाली,
एकेक करत नऊ नावं हिरवी झाली
आणि नऊही जणं मुद्दाम
नऊ दिशांना पळत सुटली.
कुणाचा पाय अडकला नाही.
गुवाहाटीचं पोर एवढं ओरडलं
की शेजारच्या चिटणीसबाईंनी भिंत ठोकली.

मी ओटा पुसून आले.
"आई, यादीत तुझं नाव घालू? जागा आहे."

ती वरची मूठ मी कुणासाठी धरली होती,
मला आठवेना.

गेले. चालता येईना.
मान खाली कशी करतात ते कळेपर्यंत
नुसतं आभाळ बघत उभी राहिले,
चौकोनी ढग, एकापाठोपाठ एक,
सावकाश अँटॉप हिलवरून जाणारे.
मागून पायाशी काहीतरी पडलं.
पाव होता.
आणि खाली रोमन अक्षरांतल्या मराठीत
आयझॉलहून लालरिनपुई लिहीत होती,
"काकू, उचला तो. इथं पण भूक लागते."